ग्लिनेत्सचा भराव

ग्लिनेत्स, ९ ऑक्टोबर २०१०

प्रिय इस्क्रा,

खड्डा भरतायत! हे आधी लिहिते, ख्यालीखुशाली मागाहून.

सोमवारी सकाळी शेळीला पाला टाकत होते, तर पायाखालची जमीन थरथरायला लागली. कानांनी साथ सोडली असली तरी ट्रक आला की माझ्या तळपायाला कळतं. बाहेर येऊन बघते, तर रस्ताभर ट्रकच ट्रक. तुमच्या शहरात मेट्रोचा बोगदा खणतायत ना, त्यातली माती. आणि सगळे वीटभट्टीच्या खड्ड्याकडे वळतायत.

माझा मित्को त्या खड्ड्यातल्या पाण्यात बुडाला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. बेडूक पकडायला गेला होता, सात वर्षांचा. तेव्हापासून गावात जो जो सरपंच झाला त्याच्या दारात मी उभी राहिले, की बाबा रे, भट्टी बंद पडली, आता त्या तळ्याचं काय लोणचं घालायचंय? भरून टाका. एकानं तारेचं कुंपण घातलं. ते पुढच्याच्या मेहुण्यानं द्राक्षांच्या मळ्याला नेलं. तुझे काका तर वाट बघतच गेले.

आणि आता बघ. सरपंच बोगोमिल म्हणतो, फुकट भरून मिळतंय, वर पोरांना मैदान करू. मी त्याला विचारलं, हे आमच्या इस्क्राचं काम का? ती माती-पाणी खात्यात आहे, तिनंच शब्द टाकला असणार. तो नुसता हसला. तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. तुझी आईही उपकार करून लपवायची.

ट्रकवाल्यांना मी बानित्सा भाजून नेली, पापुद्र्यांत भरपूर चीज घालून. एक जण माझ्या हातचा घास खाताना दुसऱ्या हातानं नाक पुसत होता. मातीला वास येतो खरा, जळक्या रबरासारखा. शहराची माती शहरासारखीच वास मारणार, दुसरं काय!

पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा मी काठावर मेणबत्ती लावली. रडले नाही. पण घरी येऊन गाढ झोपले बघ, भर दुपारी.

तुझ्या लेकीला, यानाला पापा.

तुझी मावशी
राइना


शहर, ३ नोव्हेंबर २०१०

प्रिय राइना मावशी,

तुझं पत्र वाचलं. तू झोपलीस हे वाचून बरं वाटलं.

मी शब्द टाकलेला नाही. खरंच नाही. माती कुठे जाणार हे ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर बसतात. आमच्याकडे फक्त शेवटी कागद येतो. त्यात ग्लिनेत्सचं नाव आहे हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

एक सांगायचं होतं. नवी माती बसायला वेळ लागतो. वर्षभर तरी तिथे काही लावू नका. पोरांनाही खेळायला पाठवू नका, पाय रुतेल, मुरगळेल. आणि कोंबड्या तिकडे सोडू नकोस. बाहेरची माती आहे, कसली कसली कीड असते. हात धूत जा.

तुला वाटेल इस्क्राचं आपलं काहीतरीच. पण ऐक माझं.

इथे सगळं ठीक. यानाचा पुढचा दात पडला. नवरा कामावरून उशिरा येतो, मी त्याच्याही मागून.

तुझी
इस्क्रा


ग्लिनेत्स, २० एप्रिल २०११

प्रिय इस्क्रा,

आमच्या बसवाल्याच्या हाती टोपली पाठवते आहे. ईस्टरची अंडी, निम्मी लाल रंगवलेली, निम्मी कच्ची. यानाला सांग, अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात लाल अंडं टोकाकडून धर, म्हणजे फुटणार नाही. कोंबड्या यंदा वेड्यासारख्या अंडी देतायत. भरावावर किडे काय सुंदर निघतात! दिवसभर तिथेच उकरत असतात.

हो हो, तू नको म्हणाली होतीस. अगं, तुम्ही शहरात राहून मातीला भ्यायला लागलात. लहान असताना तू माझ्या अंगणात बसून मूठमूठ माती खायचीस, मेलीस का? कीड म्हणे!

खड्डा काठोकाठ भरला. रोलर फिरवला, वर हातभर आपली तांबडी माती टाकली. ती वाऱ्यानं आणि पोरांच्या पायांनी कुठल्या कुठे गेली, पण मैदान झालं ते झालंच. शाळा सुटली की सगळी तिकडेच. शेजारच्या गेनाची नात दारा तिथून काळीठिक्कर होऊन येते आणि तशीच माझ्या मांडीवर चढते. शेरडू नुसतं! या सप्टेंबरात शाळेत जाईल. मला ऐकू येत नाही म्हणून ती माझ्याशी हातवारे करून बोलते, आणि कंटाळा आला की तोंडानं माझ्या गालावर फुर्रर्र करते.

मी मधोमध एक चेरीचं झाड लावलं. जागा अंदाजानं धरली. तुला कळेल कुठली.

राग मानू नकोस. कधी नव्हे ते सुख आलंय, त्याला नजर लावू नकोस, एवढंच.

तुझी मावशी
राइना


शहर, १४ मे २०११

मावशी,

हे पत्र बसून, नीट वाच. आणि वाचायच्या आधी कोंबड्या कोंडून घाल.

यानानं एक लाल अंडं खाल्लं. बाकीची मला खाववेनात. कच्ची मी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे नेली. अंड्यांत शिसं आहे. किती, ते तुला लिहून काय उपयोग! तिनं चाचणी पुन्हा करून पाहिली आणि मग मला विचारलं, "ही कोंबडी बॅटऱ्या खाते का गं?"

खातेच म्हणायची. मेट्रोचा बोगदा ज्या जुन्या बॅटरी कारखान्याखालून जातो, तो पाडून टाकला, पण त्याचं शिसं जमिनीत उरलं. सगळ्यांना माहीत होतं. ती माती नीट पुरायची तर वेगळी जागा लागते, बंद खाण, खाली अस्तर, वर पहारा. त्याला खर्च येतो आणि वेळ जातो, आणि लाइन निवडणुकीच्या आधी सुरू व्हायची आहे. मग आमच्या खात्यानं काय केलं सांगू? एका घाण ढिगात चांगल्या मातीचे ढीग मिसळायचे आणि मग नमुना घ्यायचा. तरी आकडा वर गेला, तर मातीचं नाव बदलायचं. 'दूषित माती' नाही म्हणायचं, 'भरावाचं साहित्य' म्हणायचं. साहित्याला मर्यादा वेगळी.

नोव्हेंबरात मला संशय होता, खात्री नव्हती. मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, खड्ड्याला खड्डा राहू द्यायचा का? तुमच्याच मावशीचा मुलगा गेला ना तिथे?" मी माझ्या टेबलाशी परत गेले. मावशी, तू त्या दुपारी झोपलीस असं लिहिलं होतंस. ते वाचल्यावर मला पुढचं लिहिताच येईना. म्हणून कीड लिहिलं.

अंडी खाऊ नका. भाजी खाऊ नका. पोरांची रक्तं तपासून घ्या, आधी दाराचं. गेनाला मी सांगितलं म्हणून सांग, नाव लपवू नकोस. मी इथे तक्रार दाखल केली आहे, माझ्या सहीनं.

इस्क्रा


ग्लिनेत्स, २२ जुलै २०११

इस्क्रा,

उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

कोंबड्या मारल्या. सगळ्या. गेनानं मदत केली. सूप करता येत नाही म्हटल्यावर तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मग हे मारून टाकायचं तरी कुठे?" आम्ही दोघी पिसं भरलेले हात घेऊन एकमेकींकडे बघत बसलो. पुरायचं तरी कुठे?

पोरांना तालुक्याला नेलं. बऱ्याच जणांच्या रक्तात निघालं, दाराच्या सगळ्यांत जास्त. डॉक्टरीणबाई चांगली होती, मला कागदावर लिहून दिलं, की शिसं हळूहळू उतरतं पण जे बिघडवतं ते बिघडवून जातं. काय बिघडवतं म्हटलं, तर कपाळाला बोट लावलं.

मग तुमचे लोक आले. पांढरे झगे, तोंडाला फडकी. पोरं चप्पल घालून बाजूला उभी, आणि हे चंद्रावर उतरल्यासारखे चालतायत. चेरीचं झाड मुळासकट उपटून पिशवीत घातलं. त्यांच्या साहेबाला मी गाठलं. तो बोलला बराच वेळ. मी म्हटलं, साहेब, मला ऐकू येत नाही, लिहून द्या. वही पुढे केली, पेन दिलं. त्यानं हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. लिहिलं काही नाही. नंतर गेनानं तोंडाजवळ येऊन सांगितलं काय म्हणाला ते: "आजी, माती धोकादायक नाहीये, फक्त अयोग्य आहे."

पिवळी फीत लावून गेले. ती शेळीनं खाल्ली.

बोगोमिल म्हणतो, मला फसवलं. गाव त्याला म्हणतं, तूच आम्हाला फसवलंस. आणि काही जण माझ्याकडे बघतात, कारण रोज उठून खड्डा भरा म्हणणारी मीच ना. तोंडावर कोणी बोलत नाही. गेना तर नाहीच.

तुझ्यावर रागवावं असं पुष्कळ वाटलं. जमलं नाही. यानाचं रक्त तपासलंस का?

राइना


शहर, १६ फेब्रुवारी २०१२

प्रिय मावशी,

यानाचं रक्त चांगलं आलं. दर वेळी हेच पहिलं लिहिते, कारण तू दर वेळी हेच पहिलं विचारतेस.

माझी बदली केली. आता मी कुत्र्यांच्या परवान्यांच्या विभागात आहे. काम सोपं आहे, कुत्री खोटं बोलत नाहीत. जुन्या मजल्यावरचे लोक जिन्यात भेटले की बुटांकडे बघतात.

पण तक्रार फुकट गेली नाही. मेट्रोला पैसा देशाबाहेरून येतो, तिकडचे तपासनीस आले, ग्लिनेत्सचं नाव निघालं, आणि आता निर्णय झाला आहे: भराव काढायचा. सगळा. बर्फ वितळलं की मशीन येतील. माती आधी काठावर ढीग करतील, मग ट्रकनं हलवतील.

मावशी, याचा अर्थ तुला कळला असेलच. खड्डा परत उघडा होणार. तो दुसऱ्या कशानं भरायचा याची या निर्णयात सोय नाही. मी विचारलं. कुत्र्यांच्या विभागातून विचारलेल्या प्रश्नाला जेवढं उत्तर मिळतं तेवढंच मिळालं.

तू इकडे राहायला ये. खोली लहान आहे, पण यानाला आवडेल. निदान मशीन चालू असेपर्यंत तरी ये.

तुझी
इस्क्रा


ग्लिनेत्स, १० मे २०१२

प्रिय इस्क्रा,

मी येणार नाही. खड्डा उघडताना इथेच उभी होते. कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

माती उपसली तसं खालून पाणी आलं, आधी ओल, मग डबकं, आणि आता परत तळं. कडा पूर्वीपेक्षा उभ्या झाल्यात. ढीग माझ्या कुंपणाला लागून आहे, घरापेक्षा उंच, वर काळं प्लास्टिक. वारा आला की प्लास्टिक उठतं आणि खालून धूळ निघते. गेना दिवसभर खिडक्यांना ओली फडकी लावत असते. दाराला परसात सोडत नाहीत. ती काचेला नाक चिकटवून बसते.

पण ट्रक चालू झालेत. माती नदीपलीकडे ब्रेस्तावेत्सला जाते. तिथली जुनी वाळूची खाण भरतायत. ढीग रोज थोडा खचतो, तशी गेना मला दाखवते, बघ, आज छपराची कड दिसायला लागली.

तर आता ऐक. परवा ब्रेस्तावेत्सच्या दोघी बायका आल्या. एक माझ्या वयाची, मिल्का नावाची, आणि तिची सून, पोट पुढे आलेली. मी फाटकात होते. मिल्का काही विचारत होती, मला कळेना. तेवढ्यात गेना धावत आली आणि मध्ये उभी राहिली. "अहो, ही ठार बहिरी आहे, हिला काय विचारता?" एवढं तिच्या ओठांवरून कळलं. मग मिल्कानं काटकी घेतली आणि धुळीत अक्षरं काढली: माती चांगली आहे का?

गेनानं पायानं पुसून टाकलं.

मी त्या दोघींना म्हटलं, रविवारी चर्च सुटल्यावर या. त्या गेल्यावर गेनानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि एकेक शब्द सावकाश, मला दिसेल असा बोलली. "राइने, एकदा त्यांनी रस्ता बंद केला की ही माती इथेच राहील. माझ्या नातीचा, दाराचा विचार कर. त्यांचं ते बघतील." मग म्हणाली, "तुला खोटं बोल म्हणत नाही गं. तू बहिरी आहेस. बहिरीच राहा."

ती वाईट बाई नाही, इस्क्रे. तुझे काका गेले तेव्हा महिनाभर ती माझ्याकडे झोपायला होती.

तू शिकलेली आहेस, तुला तिथलं माहीत आहे. मी रविवारी काय सांगू?

मावशी


शहर, १२ मे २०१२

मावशी,

तुझं पत्र आज मिळालं, लगेच उत्तर टाकते आहे.

काही सांगू नकोस.

मी जुन्या मजल्यावरच्या एका माणसाला भेटले. माती हलवायची तरतूद या वर्षापुरतीच आहे. काम थांबलं तर ढीग जिथे आहे तिथे राहील, आणि तुला 'तात्पुरता साठा' म्हणून पाटी लावून मिळेल. तात्पुरतं म्हणजे काय हे मला माहीत आहे. ब्रेस्तावेत्सच्या कागदावरही 'भरावाचं साहित्य' असंच लिहिलं आहे. तीच माती, तेच नाव. मी पुन्हा तक्रार करू शकते. केली तर इथेच अडकेल, तुझ्या कुंपणाशी.

हे मी लिहिते आहे यावर माझाच विश्वास बसत नाही. गेल्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, नाव लपवू नकोस. आता म्हणते, गप्प राहा. माती आधी दाराच्या घराजवळून जाऊ दे. त्या सुनेचं मग बघू, काहीतरी करू.

मला तिचं पोट डोळ्यांसमोरून जात नाही. तू तिच्याबद्दल लिहायला नको होतंस.

इस्क्रा


ग्लिनेत्स, ३० सप्टेंबर २०१२

प्रिय इस्क्रा,

तुझं मेमधलं पत्र त्या मंगळवारी आलं. मी रविवारीच सांगून बसले होते.

मुद्दाम उशीर करून हे लिहिते आहे असं समजू नकोस. वाट बघत होते, की काहीतरी चांगलं घडेल आणि तेही त्यात लिहिता येईल.

चर्चबाहेर त्या दोघी उभ्या होत्या. मी ठरवून गेले नव्हते. वाटेत म्हणत होते, हसून मान हलवायची, बहिरीला शोभतं. पण मिल्का मला काही विचारेचना. तिनं नुसतं सुनेला पुढे केलं आणि आपण मागे उभी राहिली. मग मी सगळं सांगितलं, कोंबड्यांपासून. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तो किती मोठा होता ते लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. सगळं गाव वळून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रेस्तावेत्सनं पूल अडवला. ट्रॅक्टर आडवे घातले. ट्रक थांबले. मिल्कानं माझ्याकडे अक्रोडाचा केक पाठवला.

मग पोलीस आले. पूल मोकळा केला नाही, त्यांनी दुसरा रस्ता काढला, वरच्या कुरणातून. ब्रेस्तावेत्सला खाणीत माती नको होती ना, मग खाणीत नाही टाकली. कुरणात टाकली, उघड्यावर, घाईघाईनं. आणि मग तरतूद संपली. तू म्हणाली होतीस तसंच. निम्मा ढीग तिकडे, निम्मा इकडे. पाटीसुद्धा तू म्हणाली होतीस तीच आहे.

मिल्काची सून माहेरी गेली. बाळ कसं आहे ते मला कोणी सांगितलं नाही. मिल्का आता येत नाही. तिला वाटतं, मी बोलले म्हणून खाणीत जायची माती कुरणात आली. इथे वाटतं, मी बोलले म्हणून ढीग राहिला. दोन्ही खरंच आहे.

इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. मला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं बंद झालंय हे कळायलाच काही दिवस लागले. दुकानात मला पाव मिळतो, पण काउंटरवर ठेवून बाई आत निघून जाते. गेनाच्या परसातून मला काहीही मिळत नाही, नजरसुद्धा नाही.

तुमची मेट्रो सुरू झाली, टीव्हीवर पाहिली. स्टेशन सुंदर आहे. फीत कापताना सगळे हसत होते. यानाला घेऊन बसलीस का? बस. तिचा त्यात काय दोष.

दारा शाळेत दुसऱ्या वर्षाला गेली, पण मास्तरीण म्हणते पुन्हा पहिल्याच वर्गात बसवा, अक्षरं टिकत नाहीत. शिशानं झालं की ती तशीच आहे, हे कोण सांगणार? डॉक्टरीणबाईनं पण खांदे उडवले. गेनाच्या मुलानं नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावात भाड्यानं घर घेतलं. इथलं विकायला काढलंय. कोण घेणार ते?

काल ते गेले. छोटा ट्रक होता, वर गाद्या, कपाट, शिवणयंत्र. दारा पुढे बसली होती. मी फाटकात उभी राहिले, जवळ जायचं धाडस झालं नाही. ट्रक वळताना गेनानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली. बरंच मोठ्यानं असणार, मानेच्या शिरा दिसत होत्या. ट्रक हलत होता, धूळ उठली होती, ओठ वाचता येईनात.

शिवी असेल. निरोप असेल. मी हात वर केला आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला, म्हणजे जे काय असेल त्याला ते उत्तर होईल.

तुझी मावशी
राइना